मामाजींची काठोकाठ भरलेली गाडी

आमच्या घरी मोटार होती असं सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. सानगडीसारखं गाव, सत्तरीचा काळ, आणि दारात मोटार! मग मला सांगावं लागतं की बाबांनो, ती मोटार चालायची कमी आणि प्यायची जास्त. दसऱ्याला सोनं लुटायला, घरातली पोरगी सासरी जाताना, आणि क्वचित एखाद्या आजाऱ्याला साकोलीला न्यायचं असलं तर, एवढ्यापुरती ती फाटकाबाहेर पडायची. बाकी सारं वर्ष गाईच्या कोठ्याशेजारच्या खोलीत, धानाच्या ढोलीला, म्हणजे मोठ्या कणगीला, खेटून, जुन्या लुगड्यांची वाकळ पांघरून उभी असायची.

माझे सासरे धानाचे व्यापारी. मी त्यांना मामाजी म्हणायची. नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवरचा साहेब आपल्या देशी परत निघाला, तेव्हा त्यांनी ती गाडी त्याच्याकडून घेतली होती. काळी, गोल पाठीची, विलायती. मी लग्न होऊन आली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. पण मामाजींचा तिच्यावर जीव. ती त्यांच्याशिवाय कोणी चालवायची नाही. आमच्या ह्यांनी एकदा किल्लीला हात लावला तर आठ दिवस घरात अबोला.

तरी त्या गाडीत सगळ्यात जास्त बसलेली बाई कोण असेल तर मी. दर रविवारी देवपूजा आटोपली की मामाजी बनियन-धोतरावर त्या खोलीत शिरायचे आणि हाक यायची, "सूनबाई, ये वो!" मला चालवणाऱ्याच्या जागेवर बसवायचं, स्वतः बॉनेट उघडून इंजिनाजवळ कान न्यायचा, आणि "थोडं दाब, आणखी दाब, सोड" करायचं. डोक्यावर पदर घेऊन बसलेली सून मोटार घुरघुरवते, याची गावभर चर्चा. होऊ द्या म्हटलं. चुलीच्या धुरापेक्षा बरं होतं.

मग तेलपाणी. इंजिनातली सळई ओढून धोतराच्या सोग्याला पुसायची, परत बुडवायची, तेल खुणेला लागलं का पाहायचं. रेडिएटरला पाणी विहिरीचं, तेही फडक्यातून गाळून. तलावाचं चालत नव्हतं, त्यानं गाळ बसतो म्हणून. बॅटरीला बाटलीतलं पाणी. आणि शेवटी ब्रेकचं तेल. त्याचं एक लहानसं भांडं असतं. त्याचं झाकण उघडून, लेकराला औषध पाजावं तसं, मामाजी त्यात थेंब थेंब तेल सोडायचे. भांडं काठोकाठ भरलं की मान हलवायचे.

सगळं बरोबर होतं, एक सोडून. हा माणूस जुनं तेल कधी काढायचाच नाही! इंजिनाचं नाही, ब्रेकचं नाही, रेडिएटरचं पाणीसुद्धा नाही. कमी झालं की वरून घाल, कमी झालं की वरून घाल.

आमच्याकडे धानाची ढोली कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. नवा धान आला तरी तळाशी पायलीभर जुना राहू द्यायचा, त्याच्यावर नवा ओतायचा. ढोली झाडून काढली की घरची बरकत जाते. मीही मानते. आजही माझ्या तांदळाच्या डब्यात मूठभर जुने तांदूळ असतातच. पण मामाजींनी ढोलीचा कायदा मोटारीला लावला होता. मी एकदा म्हटलं, "मामाजी, तेल काळंकुट्ट झालं जी." तर म्हणतात, "लोणचं बी काळंच होते. फेकतेस काय?" आता अशा माणसापुढे काय डोकं फोडावं!

ब्रेकचं पेडल माझ्याच पायाखाली असायचं, म्हणून फरक मलाच पहिल्यांदा कळला. आधी दाबलं की पाय अर्ध्यावर टणक अडकायचा. हळूहळू ते पोचट व्हायला लागलं. पहिल्यांदा दाबलं की पाय खालपर्यंत जायचा, दुसऱ्यांदा दाबलं तर कुठं जरा घट्ट लागायचं. मी सांगितलं. मामाजींनी भांड्याचं झाकण उघडून दाखवलं. "पाह्य, भरलेलं हाये." विषय संपला.

त्या वर्षीच्या दसऱ्याला गाडी पिंपळाच्या पाराला जाऊन धडकली. हळूच धडकली, कोणाला लागलं नाही, पण पुढचा बंपर वाकला आणि मामाजींच्या मांडीवरची आपट्याची पानं सांडली. मामाजी उतरून म्हणाले, "वासरू आडवं आलं." मी शेजारी बसली होती. वासरू तर सोडा, कोंबडी आली नव्हती! पण चारचौघांत सासऱ्याला खोटं कसं पाडावं? मी गप्प बसली आणि मनातल्या मनात दात खात राहिली.

त्याच सुमारास नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर मोहाडीकडचं, करडीला. सातवा संपून आठवा लागलेला. येताना भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंना दाखवून आणली, तर त्यांनी सांगितलं की मूल पायाळू आहे, डोकं वर आणि पाय खाली. कळा सुरू झाल्या तर गावच्या सुईणीच्या भरवशावर राहू नका, सरळ इथं घेऊन या. दिवाळी झाली की तिला भंडाऱ्यातच ओळखीच्या घरी नेऊन ठेवायचं ठरलं. पण दिवाळीपर्यंतचे दिवस तर काढायचे होते. एस.टी. यायची सकाळी, नाहीतर एकदम संध्याकाळी. मधल्या वेळात काही झालं तर आधार एकच, ती काळी गाडी. आणि तिला ब्रेक नाही हे मला एकटीला ठाऊक.

मामाजींना आता रविवार पुरेना. रोज सकाळी सळई, रोज झाकण, रोज गाळलेलं पाणी. पोरगी अंगणातून चालत गेली तरी त्यांची नजर तिच्या पोटावर आणि तिथून गाडीच्या खोलीवर. गावातून साकोलीला जाताना तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बंधाऱ्यावरून, रस्ता जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल बांध्या, धानाची शेतं, आणि पाळ संपली की उतार. कापणीचे दिवस, समोरून धानाच्या बैलगाड्या. तो उतार मला भरल्या ताटात दिसायचा.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. तो तुमसरला ट्रक दुरुस्त करायचा. ओवाळणी झाली, जेवण झालं, आणि मी त्याला विड्याचं पान देता देता कानात सांगितलं, जरा गाडी पाहून ये. तो गेला, पेडल दाबलं, झाकण उघडलं, बोट बुडवून चोळलं, वास घेतला.

"ताई, हे तेल हाये का वैद्याचा काढा?"

"भरलेलं तर हाये ना?"

"भरलेलं असून काय करतं? ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पिते. उभ्या गाडीत तर बसल्या बसल्या पिते. आत जंग धरला असेल, हवा धरली असेल. हे सारं काढून नवं भरा लागते." मग त्याने आवाज खाली आणला. "इंजिनाचं तेल सडलं तर गाडी रस्त्यात उभी राहील. ब्रेकचं सडलं तर उभीच राहणार नाही."

त्याचं बोलणं संपतं न संपतं तो मामाजी दारात. सगळं ऐकलेलं.

"कोणी हात लावायचा नाही गाडीले."

"मामाजी, एका सकाळचं काम हाये," भाऊ म्हणाला. "उद्या साकोलीहून तेल आणतो. दुपारी गाडी तयार."

"पोरीचे दिवस भरत आले अन् तुमी गाडी रिकामी करून ठेवता? अक्कल हाये का तुमाले?"

माझं टाळकं फिरलं. भावाला माझ्या सासरी अक्कल विचारता, तेही भाऊबीजेला! मी म्हटलं, "मामाजी, दसऱ्याले वासरू आलं नव्हतं."

माझ्या तोंडून ते निघालं मात्र. मामाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. मला वाटलं आता ह्या माणसाचा हात उठतो की काय. पण ते ओरडले ते भलतंच.

"तेव्हा बी एका सकाळचंच काम होतं!"

सासूबाई बाळंतपणात गेल्या एवढं मला माहीत होतं. मी या घरात आली तेव्हा त्या भिंतीवरच्या फोटोत होत्या. नणंद तेव्हा लहान होती, पाठचं मूल होताना त्या गेल्या. याच्या पलीकडे घरात कोणी बोलायचं नाही. त्या दिवशी मामाजी बोलले. त्या सकाळी त्यांनी गाडीच्या इंजिनाचं तेल बदलायला काढलं होतं. जुनं तेल घमेल्यात, गाडी कोरडी, आणि आत कळा सुरू झाल्या. मग रेंगी जुंपली. आमच्याकडची ती हलकी बैलगाडी. साकोली यायच्या आधीच सगळं संपलं.

"त्या दिवसापासून या घरात मी काई रिकामं होऊ देत नाही," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

माझा राग जागच्या जागी विरला. भीती मात्र विरली नाही, उलट दुणावली. कारण आता दोन्हीकडून खरं होतं. तेल काढलं आणि तेवढ्यात कळा आल्या तर? नाही काढलं आणि पाळीच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही तर? एका म्हाताऱ्याची भीती, एक माझी, आणि मधे ती पोरगी.

त्या पोरीनंच तोडगा काढला. ओसरीच्या खांबाला टेकून ती उभी होती, दोन्ही हात कमरेवर, पाय सुजलेले.

"बाबा, त्या गाडीत मलेच बसा लागते ना?"

मामाजी वळले नाहीत.

"मंग भाऊ म्हणतात ते करा. नाही कराल तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मी रेंगीत जाईन."

कोणी थोबाडीत मारली असती तर मामाजींना इतकं लागलं नसतं. मग म्हणाले, "दारात रेंगी जुंपून उभी राहील. काम होतपर्यंत बैल सोडायचे नाहीत." एवढं बोलून ते घरात गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊ सकाळच्या एस.टी.ने साकोलीला गेला आणि एका ट्रकवर बसून तेलाचे डबे घेऊन आला. आमचे हे धानाच्या सौद्यासाठी गोंदियाला गेलेले. घरात आम्ही चौघंच. गाडी ढकलून अंगणात घेतली. फाटकाशी रेंगी, बैल माना हलवताहेत. नणंदेची बाज अंगणातच, गाडीला लागून सावलीत टाकली होती, मामाजींना ती डोळ्यांपुढे हवी होती.

भाऊ गाडीखाली गेला, मी पेडलवर. काम सोपं, पण दोघांनी एका तालात करायचं. चाकाच्या मागे एक लहान नट असतो. खालून तो म्हणणार "दाब", मी पेडल दाबायचं. "धर" म्हटलं की दाबून धरायचं, तो नट सैल करणार आणि जुनं तेल नळीतून खालच्या डब्यात येणार. नट आवळला की "सोड". मधे सोडलं तर हवा आत शिरते आणि केलेलं सारं वाया. वरच्या भांड्यात नवं तेल घालत राहायचं काम मामाजींचं.

पहिल्यांदा आलं ते तेल भावाने डबा पुढे करून दाखवलं. गढूळ, तपकिरी, त्यात रव्यासारखे कण. यावर आम्ही भरवसा ठेवून होतो! भांडं तळाला गेलं तसे मामाजी अस्वस्थ झाले. "थोडं तळाशी राहू द्या ना," हळूच म्हणाले, "बोटभर."

"मामाजी, धान नाही हे," मी म्हटलं. भाऊ गाडीखाली हसला. मामाजी हसले नाहीत, पण ओतलं नवं तेल.

मागची चाकं झाली. शेवटी शेवटी नळीतून तेल स्वच्छ यायला लागलं. भाऊ पुढच्या चाकाकडे सरकला, मी पाय दाबून धरला, त्याने नट सैल केला, तोच नणंद म्हणाली, "वैनी."

तिचा आवाजच वेगळा होता. मी मान वळवली. बाजेखालची जमीन ओली झाली होती.

"सोडू नको!" भाऊ खालून ओरडला. मी सोडलं नाही. त्याने नट आवळला तेव्हा मी उडी मारून उतरली. नणंदेनं बाजेची दोरी मुठीत धरली होती, ओठ दाताखाली. पाणी गेलं होतं. महिना बाकी असताना. अवो माय, माझ्या तर तोंडचं पाणी पळालं.

मी वळून पाहते तर मामाजी भांड्याजवळ नाहीत. फाटकाशी, रेंगीवर चढून कासरा हातात घेतलेला. "आणा तिले! लवकर आणा! चला!" त्यांच्या धोतराचा सोगा सुटून जमिनीवर लोळत होता, त्याचं भान नव्हतं.

भाऊ खालून म्हणाला, "ताई, दोन चाकं राहिली. जास्त वेळ नाही लागत. पण पेडल कोण दाबेल?"

नणंदेनं माझा हात घट्ट धरलेला. मला ती सोडेना. आणि गाडीला ब्रेक अर्धा.

आमच्याकडे सून सासऱ्याच्या पुढ्यातून चालताना पदर सावरते. मी हात सोडवून फाटकाशी धावली आणि मामाजींचा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. "उतरा खाली!" मी ओरडली. "रेंगीनं भंडारा येते काय? कधी येईल? पायाळू लेकरू हाये तिचं! उतरा म्हणते ना!"

शेजारपाजारच्या बाया फाटकाशी जमल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावले. मला कशाची शुद्ध! मी त्यांना ओढतच आणलं आणि गाडीत बसवलं. म्हटलं, "तो म्हणेल तेव्हा दाबा, तो म्हणेल तेव्हा सोडा. बाकी काई करू नका." आणि तेलाचा डबा माझ्या हातात घेऊन एका हाताने भांड्यात ओतत, दुसऱ्या हाताने बाजेवरच्या पोरीचा हात धरून, मी मधे उभी राहिली.

"दाबा मामाजी," भाऊ म्हणाला. "धरा. धरा. सोडा."

मामाजी समोर पाहत होते, समोर तर खोलीची भिंत होती.

"दाबा."

"फळीवरच होतं," मामाजी म्हणाले.

"काय?"

"नवं तेल. त्या दिवशी. डबा फळीवरच होता. ओतलं असतं तर गाडी निघाली असती."

भाऊ खाली नळी धरून पडलेला.

"मी घाबरलो. बैल आणाले पळालो. डब्याकडे पाह्यलंच नाही मी. साऱ्याइले सांगतलं, तेल नव्हतं." पाय पेडलवर तसाच, पण दाबत नव्हते. "तेल होतं. मीच..."

मला वाटलं हा माणूस आता कोसळतो. त्यांना सावरू की पोरीला, की डबा, मला काहीच सुचेना.

"बाबा!" नणंद बाजेवरून ओरडली. कळ आलेली होती, तिचं सारं अंग ताणलेलं. "दाबा ना बाबा!"

मामाजींनी दाबलं. इतकं जोरात की भाऊ खाली "बस, बस" म्हणाला. त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत. दाबा, धरा, सोडा. एक चाक. दुसरं चाक. शेवटचा नट आवळून भाऊ बाहेर आला, स्वतः बसून एकदा पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाला, "घट्ट हाये. निघा."

"तू चालवतो का?" मी त्याला विचारलं. मला मामाजींचे हात दिसत होते.

"नाही," मामाजी म्हणाले. "मी नेतो."

मी भावाकडे पाहिलं. तो पुढे त्यांच्या शेजारी बसला, हात हॅंडब्रेकवर ठेवून. मी मागे, नणंदेचं डोकं मांडीवर. सळई पाहिली नाही, पाणी गाळलं नाही, गाडी एकदाच खोकली आणि निघाली.

पाळीवर आली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. मग उघडले आणि उघडले नसते तर बरं झालं असतं. पाळ संपून उतार लागला होता, गाडीने वेग घेतला होता, आणि खालून उतारावर एक धानाची गाडी चढत होती. पेंढ्या अशा भरलेल्या की सारा रस्ता व्यापलेला. गाडीवान बैलांना बाजूला घेऊ पाहत होता, पण बैल मोटारीला बुजून उलट मधेच आडवे झाले. एका अंगाला पाणी. दुसऱ्या अंगाला बांध्या. मी नणंदेच्या पोटावर ओणवी झाली, एवढंच.

मामाजींनी पाय दाबला.

गाडी थांबली. कचकन नाही, घसरत नाही, जशी थांबायला हवी तशी थांबली. बैलाची लाळ बॉनेटवर सांडत होती इतक्या जवळ. गाडीवानानं आधी देवाचं नाव घेतलं, मग आमच्या सात पिढ्यांचं. मामाजी दोन्ही हात सुकाणूवर ठेवून बसून राहिले, हलेनात.

"कायले थांबले?" माझ्या मांडीवरून नणंद ओरडली. तिला काय माहीत! "चला ना बाबा!"

साकोली मागे पडली. पुढे मोठा रस्ता लागला. नणंदेच्या कळा आता लवकर लवकर येत होत्या. प्रत्येक कळेला ती माझ्या दंडाला चिमटा काढायची, तिथं पुढे किती दिवस काळेनिळे डाग होते. मामाजी मागे वळून पाहत नव्हते. एकदाच विचारलं, "बोलून राहिली ना ती?" मी म्हटलं, "शिव्या देऊन राहिली जी." त्यावर त्यांनी गाडी आणखी पळवली. भंडारा आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, बरं झालं वेळेवर आणलं, पण सोपं नाही. आम्ही व्हरांड्यात. भाऊ कोपऱ्यातल्या नळावर हात धूत राहिला, तेल काही निघेना. मामाजी बाकावर बसले नाहीत, उभेच. आतून पोरीचा आवाज आला की त्यांचे डोळे मिटायचे. आवाज थांबला की उघडायचे. मग एकदा आवाज थांबला तो थांबलाच. फार वेळ थांबला. मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही, जे सुचलं ते सारं कबूल केलं.

नर्सबाई बाहेर आली. पदराला हात पुसत, हसत. "मुलगा झाला जी. उलटाच आला गुलाम, पण आला."

मामाजींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. "अन् माय?" म्हणाले.

"काय म्हणता?"

"त्याची माय. पोरगी माही. ती..." पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना.

"चांगली हाये ना बापा! चहा मागून राहिली."

मामाजी भिंतीला टेकले आणि सरकत सरकत खाली फरशीवर बसले. मी जवळ गेली. वाटलं रडतील. रडले नाहीत. वर माझ्याकडे पाहिलं.

"तिच्या मायनं बी मागतला होता," म्हणाले. "रेंगीत. मी म्हटलं, पोहोचल्यावर देतो."

मग भिंतीला धरून उठले आणि चहा आणायला गेले.